एकाच मुलाच्या चार फायली

प्रति,
मा. सचिव, महिला व बाल विकास विभाग
मा. सचिव, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, गृह विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांची नशा, त्यामागचं बालपण आणि उपचारांची जबाबदारी

महोदय / महोदया,

हे पत्र आपणा चौघांना मिळून लिहिते आहे. ज्या मुलांबद्दल ते आहे ती आपल्या चारही विभागांच्या व्याख्येत बसतात, आणि बहुधा म्हणूनच कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. मी स्टेशनवर राहणाऱ्या मुलांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. कल्याणसारख्या जंक्शनवर देवगिरी एक्स्प्रेसमधून जालना-परभणीकडचा मुलगा उतरतो, पवन एक्स्प्रेसमधून बिहारकडचा. कुणी चुलत्याच्या हॉटेलात कामाला म्हणून निघालेला असतो, कुणाला मुंबई बघायची असते. बहुतेकांना कुठे जायचं हे ठाऊक नसतं, कुठून निघायचं एवढंच पक्कं असतं.

२६ जून, म्हणजे जागतिक अमली पदार्थविरोधी दिन, जवळ आला की परिपत्रकं निघतात. शाळांमध्ये शपथ, प्रभातफेरी, निबंध स्पर्धा, चौकात एखाद्या कॉलेजचं पथनाट्य. १५ ऑगस्ट २०२० ला देशातल्या २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झालं तेव्हापासून तर हे बारा महिने चालतं. याला माझा विरोध नाही. पण मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यातला एकही मुलगा त्या फेरीत नसतो. तो पटावर आहे, वर्गात नाही. फेरी स्टेशनवरून गेलीच तर तो कडेला उभा राहून ती बघतो, आणि शेवटी मुलांना बिस्किटं वाटत असतील तर हात पुढे करतो.

वर्तमानपत्रातली नशा तर फारच लांबची. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलीस एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, माग काढत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापर्यंत पोचले. हजारो कोटींचा माल, पहिल्या पानावर फोटो. कारवाई मोठीच होती आणि व्हायलाच हवी होती. आमच्याकडच्या बारा-तेरा वर्षांच्या पोराची नशा मात्र सायकलच्या दुकानात मिळते. पंक्चर काढायचं सोल्युशन. ट्यूब रुमालावर किंवा जुन्या मोज्यावर पिळायची, मूठ वळून नाकातोंडाशी धरायची आणि ओढायचं. त्यातलं टोल्युइन फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला काही क्षण पुरतात. अंमल थोडाच वेळ टिकतो, म्हणून दिवसभर रुमाल बाहीत खुपसलेला. तोंडाभोवती पुरळ, नाकाखालची कातडी फाटलेली, कपड्यांना रबराचा गोडसर वास. वर्षानुवर्षं ओढलं की मेंदूतला पांढरा भाग झिजतो, ऐकू कमी येतं, मूत्रपिंडं बिघडतात. एखाद्याचं हृदय मात्र वर्षांची वाट बघत नाही. ओढता ओढताच ठोके चुकतात आणि मूल जागीच जातं. असा मृत्यू अगदी पहिल्या वेळीही येऊ शकतो.

का ओढतोस, असं विचारलं तर उत्तरं ठरलेली. भूक मरते. थंडी वाजत नाही. पोलिसांचा दंडा लागत नाही. टेन्शन जातं. आपण मोठी माणसं यातलं पहिलं उत्तर उचलतो, कारण भुकेवर उपाय माहीत आहे. खिचडी वाटता येते. शेवटचं उत्तर मात्र आम्ही सगळेच ऐकून सोडून देतो. बारा वर्षांच्या पोराला कसलं आलंय टेन्शन?

ओळख पटेल असं काही न लिहिता एकाबद्दल सांगते. हा मुलगा फलाटावर नेहमी दिव्याच्या बरोबर खाली झोपायचा. बाकीची पोरं पुलाखालचा अंधार शोधतात, तिथे हाकलायला कोणी येत नाही. याला उजेड लागायचा. डोळ्यांवर रुमाल टाकायचा, तोच रुमाल, आणि झोपायचा. बाल कल्याण समितीने त्याला एका बालगृहात पाठवलं. तिथे तो जेवला, अंघोळ केली, कॅरम खेळला. रात्री दहाला दिवे मालवले. पहाटे हजेरीला तो नव्हता. रजिस्टरात नोंद झाली, ‘नशेची तलफ आल्याने पलायन.’ पुढे पुन्हा सापडला, दुसऱ्या ठिकाणी ठेवला, तिथूनही रात्रीच पळाला. नोंद तीच, जणू कार्बन लावून काढलेली. खूप महिन्यांनी एका दुपारी, चहा पिता पिता, क्रिकेटबद्दल बोलत असताना तो मध्येच म्हणाला, घरी लाइट बंद झाली की काका यायचा. एवढंच. मग चहात तुटून पडलेलं बिस्किट चमच्याने काढत बसला. मी काही विचारलं नाही आणि तो पुढे काही बोलला नाही. क्रिकेटवर परत आलो.

त्या दोन्ही नोंदींत नशा होती, काका नव्हता. झोपायच्या खोलीत झिरोचा दिवा राहू दिला असता तर मुलगा टिकला असता का, हे छातीठोक कोण सांगणार? पण झिरोच्या दिव्याला शासन निर्णय लागत नाही.

मला जे म्हणायचं आहे ते याच नोंदीबद्दल आहे. या मुलांची नशा आणि त्यांच्यावर घरात झालेला अत्याचार या दोन गोष्टी सरकारी कागदावर कधी एकत्र येत नाहीत. अत्याचार उघड झालाच तर पोक्सोची, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याची, फाईल होते. नशा दिसली तर व्यसनमुक्तीला लिहायचं. चोरी केली तर बाल न्याय मंडळ. ताप आला तर सिव्हिल हॉस्पिटल. मूल एकच, फायली चार, आणि एका फाईलमधलं दुसरीला ठाऊक नसतं.

हे एखाद्या समुपदेशकाचं हळवेपण वाटू नये म्हणून थोडं शास्त्र. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सान डिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणाचं क्लिनिक चालवत होते. त्यांना एक कोडं पडलं. ज्यांचं वजन छान उतरत होतं तेच लोक मध्येच उपचार सोडून जात होते. एकेकाला बसवून विचारलं तेव्हा बालपणीच्या लैंगिक अत्याचाराच्या कहाण्या बाहेर येऊ लागल्या. अनेकांसाठी वजन हे चिलखत होतं. जाड माणसाकडे कोणी त्या नजरेने बघत नाही. डॉक्टर ज्याला रोग समजत होते तो रोग्याने स्वतःपुरता शोधलेला इलाज होता. मग फेलिटी आणि तिथल्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचे डॉ. रॉबर्ट अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक माणसांना बालपणाबद्दल विचारलं. मारहाण झाली का, लैंगिक अत्याचार झाला का, घरात कोणी दारुडं किंवा मनाने आजारी होतं का, आईला मार बसायचा का, घरातलं कोणी तुरुंगात होतं का. पहिला शोधनिबंध १९९८ चा. २००३ मध्ये याच माहितीतून अमली पदार्थांचा वेगळा हिशेब मांडला गेला. ज्यांच्या बालपणात अशा पाच किंवा जास्त गोष्टी होत्या, त्यांना पुढे अमली पदार्थांमुळे अडचणी येण्याची शक्यता असं काहीच न घडलेल्यांच्या सात ते दहा पट होती. लक्षात घ्या, हे सगळे विमा असलेले, बरेचसे कॉलेज शिकलेले मध्यमवर्गीय लोक होते. फलाटावर झोपणारं त्यांत कोणी नव्हतं.

हे शरीरात घडतं कसं, तेही फार गूढ नाही. धोका दिसला की शरीर सावध होतं, छाती धडधडते, झोप उडते. धोका टळला की ते निवतं. पण धोका घरातच असेल, रोज रात्री त्याच वेळी येत असेल, तर निवायला सवडच मिळत नाही. सावधपणा हीच त्या मुलाची कायमची स्थिती होऊन बसते. असं मूल वर्गात लक्ष देऊ शकत नाही, कारण त्याचं लक्ष दाराकडे असतं. खांद्यावर मागून हात ठेवला तर ते मारायला उठतं आणि मास्तर त्याला उद्धट म्हणतात. अशा मुलाच्या हातात एक ट्यूब येते आणि आयुष्यात प्रथमच काही मिनिटं आतला गोंगाट थांबतो. आपण त्याला ती सोड म्हणतो तेव्हा बदल्यात काय देतो आहोत, याचा हिशेब तो आपल्यापेक्षा चोख करतो.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण चांगल्या कल्पनेचा फॉर्म करून टाकण्यात आपण पटाईत आहोत. प्रत्येक मुलाला दहा प्रश्न विचारा, गुण द्या, पाचच्या वर गेला की शिक्का मारा, असं कोणी कृपया करू नये. हे गुण लोकसंख्येचा अंदाज बांधायला ठीक आहेत, एकेका माणसाचं भविष्य सांगायला नाहीत, असं खुद्द अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये बजावलं आहे. अत्याचार सोसलेली बहुतेक मुलं नशेकडे जात नाहीत, आणि नशा करणाऱ्या प्रत्येकाच्या मागे अत्याचार असतो असंही नाही.

‘आम्हीही मार खाल्ला, आम्ही कुठे बिघडलो?’ हा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणात कोणी ना कोणी विचारतं, बहुधा एखादे पोलीस निरीक्षक किंवा मुख्याध्यापक. प्रामाणिक प्रश्न आहे. माझं उत्तर त्यांनाच उलटं विचारणं असतं, की मार बसल्यावर तुम्हाला पोटाशी कोणी घेतलं? जवळजवळ सगळ्यांकडे कोणीतरी निघतं. आजी, आत्या, शेजारच्या काकू, एखादे सर. फलाटावरच्या मुलांना हाच प्रश्न विचारला की ती बराच वेळ आठवत राहतात.

आपल्या देशाचे आकडे आपल्याकडे आहेतच. केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मारहाण सांगितली, ५३.२२ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार. २०१३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगासाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने नशा करणाऱ्या ४,०२४ मुलांशी बोलून अहवाल दिला. त्यातला सुरुवातीच्या वयाचा क्रम माझ्या डोक्यात कोरला गेला आहे. तंबाखू सरासरी १२.३ व्या वर्षी, सोल्युशन-व्हाइटनरसारखं हुंगायचं १२.४ व्या, गांजा १३.४, दारू १३.६, त्यानंतर अफू-हेरॉइनचं कुटुंब आणि पंधरा ओलांडताना सुई. म्हणजे बाराव्या वर्षी गाठलं नाही तर पुढच्या तीन वर्षांत मूल कुठवर जातं हे सरकारी अहवालातच लिहिलेलं आहे. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तर हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि मुलांत १.१७ टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेली नशा ही एकच. मदतीची गरज असलेली अशी मुलं देशभरात सुमारे ४.६ लाख.

आणि ही नशा आपल्या कायद्यांच्या फटीत बसते. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याला सोल्युशन माहीत नाही, कारण ते अमली पदार्थ नाही, दुकानातला माल आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ मुलाला नशेचं काही देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं, पण त्यात दारू, अमली पदार्थ, मनावर परिणाम करणारे पदार्थ आणि तंबाखू आहे. सोल्युशनचं नाव नाही. २०१२ मध्ये केंद्राने व्हाइटनर आणि थिनरच्या बाटल्यांवर बंधनं आणली, त्या पेनात आल्या. पोरांनी व्हाइटनर सोडून सोल्युशन धरलं. सायकलवाल्याला आत टाका असं मी म्हणत नाही. तो ट्यूब विकणारच, त्याचं पोट त्यावर आहे. पण बारा वर्षांचा, पायात चप्पल नसलेला, सायकल नसलेला मुलगा दिवसातून चार वेळा ट्यूब मागतो तेव्हा त्याला काय ते कळत असतं. बीट हवालदार दुकानदाराशी दोन शब्द बोलला तरी फरक पडतो. हे मी पाहिलं आहे.

आता उपचारांकडे. मुलगा स्वतःहून म्हणाला, ताई, सोडायचंय, तर त्याला कुठे न्यायचं? बालगृहात नशा करणारा मुलगा घ्यायला कुरकुर होते. बाकीची पोरं बिघडतील, ही भीती अगदीच खोटी नाही. व्यसनमुक्ती केंद्रं बहुतांशी मोठ्या पुरुषांची. चाळिशीतल्या दारुड्यांमध्ये तेरा वर्षांचा, तोही ज्याला रात्री पुरुषांचीच भीती वाटते असा मुलगा ठेवायचा, हा उपचार की नवी इजा? राहिलं सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये नशेशी निगडित अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. त्याचंच कलम ८७ सांगतं की अल्पवयीन रुग्णाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं आणि पूर्ण मुक्कामभर त्याच्यासोबत कोणीतरी असावं. कायदा सुरेख आहे. काउंटरवर मात्र पहिला प्रश्न येतो, पालक कोण? सही कोण करणार? सोबत कोण राहणार?

पुण्यात १९८६ मध्ये गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, लाटेत मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. तेव्हापासून व्यसनमुक्तीच्या कामात महाराष्ट्र कोणाच्या मागे नाही, हे मी अभिमानाने सांगते. पण आपल्याकडचा हा सगळा अनुभव घर गृहीत धरतो. बायको भेटायला येते, आई डबा आणते, भाऊ फी भरतो, आणि परतल्यावर घरचे लक्ष ठेवतात. ज्या मुलाचं घर हेच दुखणं आहे त्याला हा साचा बसत नाही. त्याच्यासाठी वेगळं काही शिवावं लागेल.

घराचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकते. स्टेशनवर मूल सापडलं की ते घरी पोचवणं हे यश मोजलं जातं. किती मुलं पालकांच्या ताब्यात दिली, याचे आकडे दरमहा निघतात. हरवलेल्या मुलासाठी याहून आनंदाचं काही नाही. पण हरवलेलं मूल आणि पळालेलं मूल यांत फरक आहे. पळालेल्याला परत पाठवताना कोणाकडे पाठवतो आहोत, हे आधी कळायला हवं. बाल न्याय कायद्यात त्यासाठी सामाजिक तपासणी अहवाल आहे, पंधरा दिवसांत पुरा करायचा. माझ्या वाचनात येणारे अहवाल साधारण असे असतात: ‘कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची, वडील मद्यपी, मुलगा उनाड स्वभावाचा, पालक ताबा घेण्यास तयार.’ त्याच घरातली बाकीची दोन भावंडं त्याच हलाखीत राहतात आणि हाच का पळतो, हे कोणी विचारलेलं दिसत नाही. अधिकाऱ्याला दोष देऊन भागत नाही. एका माणसाकडे अख्खा जिल्हा असेल तर तो उंबऱ्यातूनच परत येणार.

मुलींबद्दल फार लिहीत नाही. त्या फलाटावर दिसत नाहीत, आणि न दिसण्याचं कारण आपल्याला माहीत आहे. एकटी मुलगी उतरली की तिच्यापाशी पोचायला आपल्याआधी कोणीतरी बसलेलंच असतं. तिच्या हातात बऱ्याचदा सोल्युशन येत नाही, गोळी येते, आणि ती देणारी तीच माणसं असतात ज्यांना ती शुद्धीत नको असते. या मुली पुढे छाप्यात सापडतात तेव्हा सगळे सुटका म्हणतात. गोळी बंद झाल्यावर आठवडाभर त्यांचं काय होतं, ते वसतिगृहातल्या मावशींना विचारा.

गृह विभागाला एक वेगळी विनंती. पुड्या पोचवणाऱ्या मुलांना पोलीस पकडतात, पाठवणारा सुटतो. मुलाला या कामाला लावणाऱ्यासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७८ आहे, शिक्षा पुन्हा सात वर्षांपर्यंत. ते किती वेळा लागतं, हे आपल्या दप्तरात पाहावं. आणि हाच मुलगा अठराचा झाला की एका रात्रीत बळीचा आरोपी होतो. एनडीपीएसच्या कलम २७ खाली सेवनासाठी त्याच्यावर गुन्हा. त्याच कायद्यातलं कलम ६४-अ, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं, त्याला कोणी वाचून दाखवत नाही. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर बऱ्याच गोष्टी लिहिलेल्या असतात. हेही मराठीत लिहून लावायला हरकत नसावी.

मागायचं तरी काय, याचा मी बराच विचार केला. मोठी रक्कम, नवं महामंडळ, नवी योजना असलं काही मागत नाही. बाल न्याय कायद्यात बहुतेक गोष्टी आहेत. बालगृहांनी द्यायच्या सेवांत समुपदेशन आणि व्यसनमुक्तीसाठी पाठवणं हे कलम ५३ मध्येच आहे. व्यसनी बालकाला उपचारांसाठी हलवण्याची तरतूद कलम ९३ मध्ये आहे. नाही ती फक्त जागा, आणि सही करणारा हात.

कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. या प्रत्येक महसुली विभागात एका सरकारी रुग्णालयाला धरून अठराखालच्यांसाठी वेगळ्या काही खाटा ठेवा. दहा पुरेत सुरुवातीला. डॉक्टर आरोग्य विभागाचा, रात्रंदिवस सोबत राहणारा माणूस महिला व बाल विकासच्या खर्चाने, पुढचा पाठपुरावा सामाजिक न्यायच्या अनुदानातून. चौघांनी मिळून एकच आदेश काढा, चार सह्यांचा. दाखल करताना पालकाच्या जागी बाल कल्याण समितीच्या वतीने कोण सही करणार, त्या अधिकाऱ्याचं पद त्यात छापा, म्हणजे रात्री अकरा वाजता काउंटरवर वाद होणार नाही.

बालगृहातल्या पलायन नोंदवहीत एक रकाना वाढवा: पळण्याआधीच्या चोवीस तासांत काय घडलं. नवा मुलगा आला का, कोणी मारलं का, घरचा फोन आला का, दिवे कधी गेले. ‘नशेची तलफ’ हे उत्तर त्या रकान्यात चालणार नाही असंही लिहा. आणि प्रशिक्षण द्यायचं तर अधीक्षकांआधी रात्रपाळीच्या काळजीवाहकांना द्या. भीती रात्री येते आणि तेव्हा अधीक्षक घरी असतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा ‘संवाद’ उपक्रम बालगृहांच्या कर्मचाऱ्यांना याच विषयाचं प्रशिक्षण देतो. त्यांना बोलवायला अडचण काय आहे?

मुंबईत १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर सुरू झाला आणि मग देशभर गेला. २०२३ पासून तो सरकारने आपल्याकडे घेतला, ११२ ला जोडला. चांगलं की वाईट, हा वाद इथे नको. पण फलाटावरच्या पोरांना नंबर पाठ नसतो, माणूस पाठ असतो. रोज संध्याकाळी त्याच वेळी त्याच बाकावर येऊन बसणारा, फुकट उपदेश न करणारा, पळून परत आलेल्याला ‘ये, जेवलास का’ म्हणणारा कार्यकर्ता हा या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ भाग आहे. त्याला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवून दर वर्षी बदलू नका. या मुलांच्या आयुष्यात निघून जाणारी माणसं आधीच पुष्कळ झाली आहेत.

शेवटचं, अठरा ओलांडलेल्यांचं. बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, मदत मिळू शकते. ज्याने नशा सोडून सहा महिने काढले आहेत अशा मुलाला वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी पिशवी देऊन बाहेर काढलं तर त्याच्या ओळखीची जागा एकच आहे आणि तिथे तिकीट लागत नाही. अनुरक्षणाच्या जागा वाटताना व्यसनाचा इतिहास असलेल्या मुलांना मागे ढकललं जातं, ‘वर्तन समाधानकारक नाही’ या शेऱ्यावर. तो शेरा उलटा वाचून त्यांना पुढे घ्यावं, इतकीच विनंती.

२६ जूनच्या कार्यक्रमपत्रिकेत यासाठी वेळ काढायची गरज नाही. आपल्या चार कार्यालयांतला एकेक उपसचिव एका संध्याकाळी कल्याणला पाठवा. सहा ते नऊ. गाडी, फलक, फोटोग्राफर नको. कोणत्या बाकावर यायचं ते मी कळवीन. मुलं बोलतील याची हमी नाही, कॅरम नक्की खेळतील. उत्तर एकाच विभागाकडून आलं तरी चालेल, पण कोणत्या, ते कृपया आपसांत आधी ठरवावं.

आपली नम्र,
स्टेशनवरच्या मुलांची एक समुपदेशक
कल्याण